शिंजिराचे बिऱ्हाड

फेब्रुवारीतल्या एका सकाळी कपडे वाळत घालायला सज्जात गेले, तेव्हा तारेच्या टोकाशी जळमटासारखे काहीतरी लोंबताना दिसले आणि माझा हात सवयीने केरसुणीकडे गेला. तेवढ्यात अंगठ्याएवढा एक पक्षी माझ्या कानाजवळून सुर्रकन तारेवर आला, चोचीतला पांढरा धागा त्याने त्या जळमटाला दोनतीनदा गुंडाळला, माझ्याकडे ढुंकूनही न बघता शेपटी झटकली आणि समोरच्या सोनमोहराकडे निघून गेला. केरसुणी हातातच राहिली. जांभळ्या पाठीच्या शिंजिराची ती मादी होती. वरून मातकट, गळ्याशी पांढुरकी, पोटाशी फिकट पिवळी. चुकून लक्ष गेलेच तर ‘आहे कुठलीतरी चिमणी’ म्हणून कोणीही सोडून द्यावी अशी.

पुढचे दहा दिवस मी घरातली कामे सज्जाच्या दाराशी बसून केली. आधी तिने तारेला कोळ्याच्या जाळ्याचे फेरे घातले. कोळ्याचा धागा ताणला जातो, तुटत नाही आणि जिथे लावावा तिथे चिकटतो. त्यामुळे त्याच्याइतका चांगला दोर आणि त्याच्याइतका चांगला डिंक तिला एकाच दुकानात मिळत होता, आणि ते दुकान म्हणजे आमच्या जिन्यातल्या दिव्याचा कोपरा. मग त्या फेऱ्यांना खाली शेपूट फुटले. त्यात सुकलेल्या पानांचे तुकडे, झाडाच्या सालीचे कपचे, कापूस आणि सुरवंटांच्या लेंड्यांचे काळे कण विणले गेले, आणि एक दिवस कपडे वाळत घालायच्या दोरीचा निळा तंतूही त्यात दिसला. शेपटाचा फुगीर भाग तयार झाल्यावर ती त्यात शिरली आणि आतून छातीने दाब देत, जागच्या जागी गोल फिरत, त्याची पोकळी करू लागली. बाहेरून पाहताना ती पिशवी श्वास घेत असल्यासारखी हलत असे. शेवटी बाजूला भोक पडले आणि भोकाच्या वर पागोळ्या अडवणारी छोटीशी पडवी आली. कोकणातल्या घराला असते तशी पडवी! आतला कापूस भरायचे काम तर ती पुढेही कितीतरी दिवस करीतच होती. एवढा खटाटोप करून बाहेरून घरटे दिसावे कसे, तर वाऱ्याने उडून तारेला अडकलेल्या कचऱ्यासारखे. माझी केरसुणी उगीच पुढे झाली नव्हती. तिने फसावे अशीच ती रचना होती.

या सगळ्या काळात नर काय करीत होता? तो केबलच्या तारेवर बसून गात होता. जांभळ्या पाठीच्या शिंजिरात घर बांधते ती मादी. नर तिच्या मागेमागे उडतो, जवळ बसतो, आणि दुसरा नर हद्दीत आला तर त्याला पिटाळून लावतो. शेजारच्या काकू दोन दिवस हे पाहून म्हणाल्या, “आमच्याकडेही असेच होते हो, घर बांधताना.” त्यांचे यजमान शेजारीच उभे होते, त्यामुळे मी फक्त हसले.

पण त्या नराकडे दुर्लक्ष करणे कठीण होते. सावलीत बसला की तो काळपट, कसल्याशा मळक्या तांबूस पाठीचा दिसे. मान वळवून उन्हात आला की डोक्यावर हिरवी ठिणगी पडे, गळा जांभळा होई आणि पोटाचा पिवळा रंग त्याखाली हळदीसारखा उजळे. यातला पिवळा हा खरोखरचा रंग आहे, म्हणजे पिसात रंगद्रव्य असते. जांभळा आणि हिरवा मात्र कुठल्याही द्रव्याचे नाहीत. पिसाच्या अतिसूक्ष्म तंतूंमध्ये काळ्या मेलॅनिनचे कण थरांनी रचलेले असतात, आणि त्या थरांवरून परतणारे प्रकाशाचे किरण एकमेकांत मिसळताना काही रंग उजळतात, काही पुसले जातात. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसणारे रंग याच जातीचे. ते पीस कुटून पाहिले तर हाती जांभळी पूड येणार नाही, काळीच येईल. तेव्हा ‘हा पक्षी कोणत्या रंगाचा आहे’ या प्रश्नाचे उत्तर पाहणारा कुठे उभा आहे आणि ऊन कुठून येते आहे यावर अवलंबून असते, हे मला त्या दहा दिवसांत खुर्ची इकडून तिकडे सरकवताना कळले.

शिंजिरांच्या कुळात सुमारे दीडशे जाती आहेत, आणि त्यांचा मुलूख आफ्रिकेपासून भारत व आग्नेय आशियामार्गे उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत पसरला आहे. उष्ण कटिबंधातली जंगले हे त्यांचे मूळ घर. पण काही जाती जंगलाबाहेर पडून बागांत, वाड्यांत आणि सोसायट्यांच्या कुंपणांवर स्थिरावल्या. महाराष्ट्रात साधारणपणे पाच जाती भेटतात. जांभळा शिंजीर आणि जांभळ्या पाठीचा शिंजीर हे गावाशहरात राहणारे दोघे. लोटनचा शिंजीर लांब, जास्त बाकदार चोचीचा. अठराव्या शतकात श्रीलंकेत गव्हर्नर असलेल्या एका डच माणसाचे नाव तो अजून वागवतो आहे. उरलेल्या दोघांकडे मी पुढे येणारच आहे. ‘शिंजीर’ या शब्दात मला नेहमी शिंजित, म्हणजे पैंजणांचा बारीक नाद, ऐकू येतो. नराचे भरभर ‘चिविट चिविट’ एकदा कानावर पडले की तसे वाटतेच.

दर उन्हाळ्यात कोणीतरी मला या पक्ष्याचा फोटो पाठवून ‘आमच्या बाल्कनीत हमिंगबर्ड आला’ असे कळवतो. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत सापडतात, आणि त्यांचे खरे नातेवाईक आपल्या पाकोळ्या आहेत. शिंजीर हा चिमणी, बुलबुल, कावळा यांच्याच मोठ्या गोतावळ्यातला. दोघांची चोच लांब, दोघांची जीभ नळीसारखी, दोघांच्या पिसांना धातूची चमक, हे सगळे फुलांतला मध पिण्याच्या धंद्यामुळे दोन वेगळ्या घराण्यांत वेगवेगळे घडून आले. एक फरक मात्र सहज दिसतो. हमिंगबर्ड हवेत तरंगत राहून मध पितो. शिंजीर थोडा वेळ तसे करू शकतो, पण शक्य असेल तिथे तो फांदीवर, देठावर, प्रसंगी फुलावरच बसतो आणि नीट मान वाकवून पितो. फोटो पाठवणाऱ्यांना मी हे सांगत असे. आता सांगत नाही, कारण फोटो येणे बंद झाले असते.

जांभळ्या शिंजिराची कथा आणखी मजेची. विणीच्या दिवसांत याचा नर नखशिखांत काळाजांभळा असतो. पण तो हंगाम सरला की हा पोशाख उतरवून मादीसारखा पिवळसर होतो, आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी तेवढी शिल्लक ठेवतो. सप्टेंबर ते डिसेंबर या काळात असे पट्टीवाले नर सर्रास दिसतात. लहानपणी मी या पट्टीवाल्याला वेगळा पक्षी समजत असे आणि जानेवारीनंतर तो कुठे जातो याचा शोध घेत असे. तो कुठेच जात नव्हता. समोरच्याच डाळिंबावर नवीन कपडे घालून बसलेला असे.

आमच्या सज्जात जास्वंदीची दोन झाडे आहेत. फुलात मध असतो, पक्षी मध पितो आणि जाताना पराग नेतो, हा शाळेत शिकलेला व्यवहार मी डोक्यात ठेवून पाहत होते. प्रत्यक्षात मादी उमललेल्या फुलाच्या तोंडाकडे गेलीच नाही. ती देठावर बसली, फुलाच्या बुडाशी चोचीने भोक पाडले, आतला मध ओढून घेतला आणि परागांना शिवलीही नाही. याला सरळ शब्दांत चोरी म्हणतात, आणि लांब नळीच्या फुलांशी शिंजीर सर्रास असेच वागतात. त्या दिवसापासून मी माझी फुले तपासू लागले. दर तिसऱ्या फुलाच्या बुडाशी सुईने टोचल्यासारखे छिद्र होते.

हाच पक्षी पळसाशी मात्र प्रामाणिक आहे. माघ-फाल्गुनात पळस निष्पर्ण होऊन पेटतो तेव्हा त्यावर पक्ष्यांची जत्रा भरते, आणि ही सगळी जत्रा पळसाच्या उपयोगाची असेल असा माझा समज होता. दिल्लीतल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पळसाच्या फलधारणेचा बारकाईने अभ्यास करून २००३ साली तो प्रसिद्ध केला. फुलांवर येणाऱ्या सात जातींच्या पक्ष्यांपैकी परागीकरणाचे काम खऱ्या अर्थाने करणारा एकच निघाला, तो म्हणजे जांभळा शिंजीर. त्याच्या जोडीला होती खार. बाकीचे मेजवानीला येऊन हात धुऊन निघून जाणारे पाहुणे. तोळाभरही वजन न भरणारा हा जीव एवढ्या दणकट फुलाला पुरा पडतो, आणि तेच फूल त्याच्याहून कितीतरी मोठ्या पक्ष्यांना नुसते लुटता येते.

मुरडशेंगेचे उदाहरण मला त्याहून जवळचे वाटते. पावसाळ्यात डोंगरउतारावर तिची विटकरी फुले येतात, त्यांच्यावर शिंजिरांची ये-जा चालू असते, आणि त्यानंतर स्क्रूसारखा पीळ पडलेल्या शेंगा धरतात. या शेंगा आमच्या घरात कोणाचे बाळ झाले की सहाणेवर आल्याच. हळकुंड, वेखंड, जायफळ, हिरडा यांच्याबरोबर चार वेढे मुरडशेंगेचे. बाळगुटीच्या त्या डब्यात शिंजिराचाही वाटा आहे, हे आईला सांगितले तेव्हा तिने शेंग उजेडात धरून नीट पाहिली आणि पुन्हा उगाळायला घेतली.

आईचे माहेर राजापूरकडचे. तिथल्या आंब्यांच्या बागेत दर वर्षी पावसाळ्यानंतर एक काम ठरलेले असे: गड्याने कोयता घेऊन झाडावर चढायचे आणि बांडगुळे छाटून खाली टाकायची. बांडगूळ आंब्याच्या फांदीत आपले मूळ रुतवते, झाडाचे पाणी आणि क्षार ओढून घेते आणि फार माजले तर अख्खी फांदी वाळवते. बागायतदाराने त्याला दया दाखवावी असे मी कधीही म्हणणार नाही. आपल्या भाषेनेही त्याला दया दाखवलेली नाही. दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसाला मराठीत बांडगूळ म्हणतात, आणि निवडणुकीच्या दिवसांत तर हा शब्द दोन्ही बाजूंनी फेकला जातो. लहानपणी मी त्या छाटलेल्या ढिगाशी खेळले आहे. त्यात नारिंगी, किंचित वाकलेल्या नळ्यांसारखी फुले असत, आणि ढीग जमिनीवर पडल्यावरही एखादा शिंजीर धीर करून त्याच्यावर उतरत असे. मी तेव्हा त्याला मूर्ख समजले होते.

मूर्ख मीच होते. त्या वाकलेल्या नळ्या आणि शिंजिराची वाकलेली चोच ही एकमेकांच्या मापाने घडलेली आहेत. हिवाळ्यात बाकी झाडांना फारशी फुले नसताना बांडगूळ मधाची खाणावळ उघडते आणि शिंजीर तिथले रोजचे गिऱ्हाईक होतात. पुढचा अंक चालवतो तो फुलटोच्या, शिंजिरांच्या सर्वांत जवळच्या कुळातला, त्यांच्याहूनही बुटका पक्षी. तो बांडगुळाची फळे गिळतो. बी थोड्याच मिनिटांत त्याच्या पोटातून बाहेर पडते, पण चिकट गरामुळे ते बुडाशीच अडकून बसते, आणि ते सोडवायला त्याला बूड फांदीवर घासावे लागते. घासले की बी फांदीला चिकटते. म्हणजे एक पक्षी बांडगुळाचे लग्न लावून देतो आणि दुसरा त्याच्या मुलांना घरे शोधून देतो. आंब्याने यातले काहीच मागितलेले नाही, हेही खरे. गड्याने कोयता चालवावाच. पण बांडगूळ फुकट खाते असे मात्र शिंजिराला विचारून कोणी म्हणू नये. ते आंब्याकडून घेते आणि पक्ष्यांना वाटते, इतकाच त्याचा धंदा आहे, आणि असा धंदा करणाऱ्याला आपण दुसऱ्या संदर्भात बरीच चांगली नावे ठेवतो.

महाबळेश्वरला पहिल्यांदा मी सह्याद्रीचा खास लाल शिंजीर पाहिला, तोही बांडगुळावर. आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मागे एका जुन्या झाडावर बांडगुळाचा मोठा झुबका होता; जानेवारीची थंडी होती, धुके नुकतेच विरत होते, आणि त्या झुबक्यात कोणीतरी कुंकवाची पुडी सांडल्यासारखा एक ठिपका हलला. पाठ आणि गळा रक्तासारखे लाल, छातीवरच्या लालावर पिवळ्या बारीक रेषा, चोचीच्या बुडापासून मानेकडे गेलेली जांभळटकाळी मिशी. दुर्बीण खोलीत राहिली होती. आणायला गेले असते तर तो गेला असता, म्हणून मी चहाचा कप हातात धरून तशीच उभी राहिले आणि चहावर साय धरली.

या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा केले ते १८३२ साली, मुंबई लष्करातल्या विल्यम हेन्री साइक्स या अधिकाऱ्याने. मुंबई सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले होते. जमीन, पिके, माणसे यांची मोजदाद करता करता त्याने इथल्या पक्ष्यांचीही यादी केली आणि ती लंडनला सादर केली. त्याच यादीत आपल्या घाटातला छोटा शिंजीरही आहे, जेमतेम आठ सेंटिमीटर लांबीचा, गर्द किरमिजी पाठीचा, पश्चिम घाटाबाहेर कुठेही न आढळणारा. लाल शिंजिराला साइक्सने नाव दिले ते लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेचे पहिले सचिव निकोलस व्हिगोर्स यांचे. सचिवांच्या नावाने पक्षी ओळखले जावेत ही त्या काळची रीत होती, आणि मला ती कधीच रुचलेली नाही. ज्या रानात तो राहतो त्या रानाचे नाव त्याला मिळायला हवे होते; मराठीत त्याला ‘सह्याद्री शिंजीर’ म्हणणारे पक्षीमित्र भेटतात तेव्हा बरे वाटते.

पुढे बरीच वर्षे या पक्ष्याला स्वतंत्र जात म्हणूनही मान नव्हता. हिमालयापासून आग्नेय आशियापर्यंत आढळणाऱ्या किरमिजी शिंजिराचा तो एक उपप्रकार धरला जाई. आता तो वेगळा मानला जातो. छातीवरच्या त्या पिवळ्या रेषा त्याची खूण आहेत. किरमिजी भावंडाचे नशीब मात्र थोर. सिंगापुरात लोकांनी कौल देऊन त्याला आपला अनौपचारिक राष्ट्रीय पक्षी ठरवले आहे. तिथे राहणाऱ्या माझ्या भाचीने एकदा मोठ्या आनंदाने त्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले, “मावशी, तुझा महाबळेश्वरचा इथे आला.” मी तिला छातीवर रेषा आहेत का ते बघायला सांगितले. नव्हत्या. पण लाल रंगाचा ठिपका पाहून तिला सह्याद्री आठवला, त्यात चूक काय, असे मला नंतर वाटले.

आता तारेवरच्या बिऱ्हाडाकडे परतते, कारण त्यात माझी एक चूक सांगायची राहिली आहे. सुरुवातीला सांगितलेले घरटे हे आमच्याकडचे दुसरे. पहिले त्याच्या आदल्या वर्षी झाले होते, आणि तेव्हा मला यातले काहीच ठाऊक नव्हते. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी सज्जा धुवायला काढला, गुढीला जागा हवी म्हणून मी तार एका हुकावरून काढून पलीकडच्या हुकाला बांधली, आणि घरटे अगदी सांभाळून, न हलवता, फक्त अडीच हात बाजूला गेले. घरटे जसेच्या तसे होते. थोड्या वेळाने मादी चोचीत कापूस घेऊन आली आणि जिथे घरटे असायचे त्या मोकळ्या हवेत येऊन थांबली. पंख फडफडवत, जागच्या जागी, हमिंगबर्डसारखी. मग वळली, सोनमोहरावर गेली, पुन्हा आली, पुन्हा त्याच रिकाम्या जागी थांबली. अडीच हातांवर तिचे घर लोंबत होते आणि तिला ते दिसत नव्हते; तिच्या हिशेबात घर म्हणजे ती जागा होती. माझ्या लक्षात आल्यावर मी धावत जाऊन तार पुन्हा जुन्या हुकावर बांधली, पण तोवर तिने कापूस कुठेतरी टाकून दिला होता. ती परत आली नाही. दुसऱ्या दिवशी गुढी उभारली तेव्हा शेजारी ती रिकामी पिशवी वाऱ्यावर हलत होती, आणि माझे लक्ष कडुनिंबात नव्हते.

म्हणून दुसऱ्या वर्षी तारेला कोणी हात लावायचा नाही असा घरात हुकूम निघाला. कपडे बैठकीच्या खोलीत खुर्च्यांवर वाळले. स्कूटरच्या आरशात नर स्वतःशी भांडत बसायचा, म्हणून आरशाला मोजा चढवला गेला, आणि सोसायटीच्या रखवालदाराने तो दोनदा काढून प्रामाणिकपणे आमच्या दारात आणून दिला. अंडी उबवताना मादीची चोच तेवढी पडवीखालून बाहेर दिसे. आत डोकावायचे नाही असे मी ठरवले होते, त्यामुळे अंडी किती हे मला पिल्लांनी चोची वर काढल्यावर कळले: दोन. आणि त्याच दिवशी नराने गाणे थांबवून काम सुरू केले. कोळी, अळ्या, बारीक माश्या असे काहीबाही चोचीत धरून तो दिवसभर येत राहिला, मादीच्या बरोबरीने. काकूंनी तेही पाहिले आणि या खेपेला त्यांचे यजमान मोठ्याने हसले. चोच कितीही मधासाठी घडलेली असो, वाढत्या पिल्लांचे मधावर भागत नाही.

सतराव्या दिवशी सकाळी पिल्ले उडाली. एक सरळ सोनमोहरावर पोहोचले, दुसरे जास्वंदीच्या कुंडीत पडले आणि तासभर तिथेच बसून राहिले. नर त्याला कुंडीतच भरवत होता, आणि मादी दिसत नव्हती.

रिकामे घरटे मी काढले नाही. एप्रिलच्या अखेरीस मादी त्याच्याशी पुन्हा दिसू लागली, तेव्हा मला वाटले दुसरी वीण इथेच होणार. पण ती आत शिरली नाही. तारेला पाय रोवून तिने पडवीचे धागे एकेक करून उसकले, चोचीत गुंडी केली आणि आमच्या सज्जाला वळसा घालून डावीकडे गेली. दोन दिवसांनी शेजारच्या काकूंनी दार वाजवले आणि तुमचे भाडेकरू आमच्या खिडकीच्या केबलवर आलेत म्हणून सांगितले. त्यात तो निळा तंतूही होता. त्यांची खिडकी तेव्हापासून बंद आहे आणि पंखा दिवसभर चालू.